सिझरनंतर सात दिवस गोळ्या की आधी एकच इंजेक्शन?

प्रश्न : माझ्या मुलीचं पहिलं सिझर साडेतीन वर्षांपूर्वी झालं. चौदा तास कळा दिल्या आणि मग रात्री घाईघाईत ऑपरेशन. तीन दिवस सलाईनमधून आणि पुढे चार दिवस गोळ्या, असं सात दिवस अँटिबायोटिक चालू होतं. तरी नवव्या दिवशी टाके पिकले, महिनाभर ड्रेसिंग करावं लागलं. आता दुसऱ्या खेपेला ठरवून सिझर आहे. नवीन डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनच्या आधी एक इंजेक्शन देऊ, नंतर काही लागणार नाही. आम्हाला धास्ती वाटते. गोळ्यांसाठी आग्रह धरावा का? मागच्या वेळी कुठल्याशा इंजेक्शननं तिच्या अंगावर पित्तही उठलं होतं.

उत्तर :

आग्रह धरू नका, ताई. नवीन डॉक्टर सांगताहेत ते बरोबर आहे. तुमची धास्तीही खोटी नाही. जिनं महिनाभर लेकीचं ड्रेसिंग पाहिलंय, ती ‘एका इंजेक्शनात भागेल’ हे ऐकून गप्प कशी बसेल? म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी सत्तावीस वर्षं बाळंतपणं करतेय, त्यातली बरीचशी तालुक्याच्या गावी. सिझर किती केली याची मोजदाद ठेवली नाही, पण टाके पिकलेल्या बायका चेहऱ्यानिशी लक्षात आहेत.

घरोघरी असं समजतात की जंतू नंतर येतात. वॉर्डात, भेटायला आलेल्या पाहुण्यांकडून, बाथरूममधून. त्यामुळे जखम भरेपर्यंत औषध चालू असलेलं बरं. प्रत्यक्षात टाके पिकवणारे जंतू बहुतेक वेळा टेबलावरच आत गेलेले असतात, आणि ते तिचे स्वतःचेच असतात. पोटाची कातडी कितीही घासून, औषध लावून घेतली तरी केसांच्या मुळाशी जंतू शिल्लक राहतात. सुरी फिरली की त्यांना वाट मिळते. दुसरी वाट खालून, योनीमार्गातून. पिशवी उघडली, त्यात हात घालून बाळ काढलं, की खालचे जंतू वर येतात. उलट, टाके घालून कातडी जुळवली की कडा लगेच चिकटायला लागतात आणि एक-दोन दिवसांत वरून आत शिरायला फारशी जागाच उरत नाही. म्हणजे जे काय व्हायचं ते त्या पाऊण तासात. त्या वेळी रक्तात आणि पोटाच्या चरबीत औषध पुरेसं पोहोचलेलं असेल, तर जंतूंचं बस्तान बसत नाही. नसेल, तर पुढचे सात दिवस म्हणजे वरातीमागून घोडं.

ही गोष्ट नवी नाही. १९६१ साली बोस्टनमध्ये जॉन बर्क नावाच्या सर्जननं गिनीपिगच्या कातडीत जंतू टोचून औषध वेगवेगळ्या वेळी देऊन पाहिलं. आधी किंवा त्याच सुमारास दिलं तर उत्तम परिणाम, आणि तीन तासांनी दिलं तर दिल्यासारखं न दिल्यासारखं एकच. पुढे १९९२ साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीतून २,८४७ शस्त्रक्रियांचा हिशेब आला. चीर देण्याच्या आधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांपैकी ०.६ टक्के रुग्णांची जखम पिकली. चीर दिल्यावर तीन तास उलटून गेल्यानंतर ज्यांना मिळालं, त्यांच्यात हे प्रमाण ३.३ टक्के होतं. आणि फार आधी, म्हणजे दोन तासांहूनही आधी ज्यांना दिलं, त्यांच्यात ३.८. म्हणजे फार लवकर देऊनही उपयोग नाही. वॉर्डातून निघतानाच इंजेक्शन टोचलं आणि मग पेशंट टेबलाबाहेर दीड-दोन तास ताटकळत राहिली, असं होतं बरं का.

आता आमची कबुली. बाकीच्या सगळ्या ऑपरेशनना औषध आधी द्यायचं हे ठाऊक असूनही, सिझरला मात्र आम्ही बाळाची नाळ चिमट्यात धरली की मग इंजेक्शन देत होतो. आम्हाला शिकवलंच तसं होतं. कारण बाळाची काळजी. आईला दिलेलं औषध नाळेतून बाळात जाईल, बाळाला जंतुसंसर्ग झालाच तर तो झाकला जाईल, असा विचार. विचार वाईट नव्हता, पण त्यात आईची चीर दहा मिनिटं उघडी, औषधाविना. मग तुलना करणारे अभ्यास झाले. आधी दिल्यानं आईचा संसर्ग आणखी कमी होतो आणि बाळाला अपाय होत नाही असं दिसलं, आणि २०१०-११ च्या सुमारास अमेरिका आणि ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना बदलल्या. जागतिक आरोग्य संघटनाही आता हेच सांगते : चीर देण्याच्या आधी, तासाभरात. बाळांचं पुढे काय, दमा किंवा त्वचेचे विकार वाढले का, हेही ब्रिटनमध्ये सुमारे पाच लाख मुलांच्या नोंदींवरून पाहिलं गेलं. २०२२ साली निष्कर्ष आला की फरक नाही.

माझ्या हातचाच एक प्रसंग सांगते. तालुक्याच्या गावी असताना रात्री अडीचला एक बाई आली, बाळाचे ठोके घसरलेले. धावपळ. सिस्टरनं व्हायल फोडली, डिस्टिल्ड वॉटर घालून हलवली, सिरिंज भरून किडनी ट्रेमध्ये ठेवली. तेवढ्यात भूलतज्ज्ञांनी बीपी पडल्याचं सांगितलं, सगळे तिकडे वळले, मी चीर दिली. बाळ रडलं, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. टाके घालून हातमोजे काढले तेव्हा ट्रेमध्ये ती भरलेली सिरिंज तशीच दिसली. मग लगेच दिली, आणि मनाची टोचणी म्हणून पाच दिवस आणखी. आठव्या दिवशी ती बाई परत आली, साडीचा पदर पोटाशी धरून, पदराला पिवळा डाग. प्रत्येक वेळी असंच होतं असं नाही. दिलेलं नसताना ठणठणीत राहिलेल्याही पाहिल्यात. पण त्या दिवसापासून माझ्या टेबलावर सुरी हातात घेण्याआधी मोठ्यानं विचारायचं ठरलं : ‘अँटिबायोटिक गेलं? किती वाजता?’ उत्तर आल्याशिवाय मी हात पुढे करत नाही, आणि ती वेळ केसपेपरवर लिहिली जाते.

इंजेक्शन बहुधा सेफाझोलिनचं असतं. जुनं, साधं, स्वस्त औषध. २ ग्रॅम शिरेतून. वजन ८० किलोच्या आत असेल तर काही जण १ ग्रॅम देतात, १२० किलो किंवा त्यावर असेल तर ३ ग्रॅम. त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पावणेदोन-दोन तास लागतात, आणि सिझर पाऊण-एक तासात उरकतं. म्हणून एक डोस पुरतो. ऑपरेशन चार तासांवर लांबलं किंवा दीड लिटरपेक्षा जास्त रक्त गेलं, तर टेबलावरच दुसरा डोस द्यायचा. तुमच्या मुलीचं हे दुसरं सिझर आहे, आतले पदर चिकटलेले असू शकतात, थोडा जास्त वेळ लागेल. पण चार तास सहसा नाही.

औषध मुळात लागतंच का, हा प्रश्न कधीच निकाली निघालाय. ९५ अभ्यासांतल्या १५ हजारांहून अधिक बायकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा जखमेचा आणि पिशवीच्या अस्तराचा संसर्ग अँटिबायोटिकनं ६० ते ७० टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. ठरवलेल्या सिझरलाही. त्यामुळे ‘आमचं ठरवून आहे, इंजेक्शन कशाला’ असं कुणी म्हणालं तर तेही ऐकू नका. वाद आहे तो एक डोस की अनेक, एवढाच. ‘हे सगळं परदेशातल्या चकाचक दवाखान्यांचं, आपल्याकडे गर्दी, उकाडा, धूळ,’ हे मला आमच्याच क्षेत्रातले लोक ऐकवतात. तर टांझानियात म्वान्झा इथल्या मोठ्या रुग्णालयात ५०० बायकांवर हे करून पाहिलं. एक डोस मिळालेल्यांत जखम पिकण्याचं प्रमाण ४.८ टक्के, अनेक डोस मिळालेल्यांत ६.४. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण जास्त दिवस देऊन काही पदरात पडलं नाही एवढं नक्की. तिथली गर्दी आपल्या जिल्हा रुग्णालयापेक्षा कमी नसावी.

मग आपल्याकडे पाच-सात दिवस का देतात? खरं सांगायचं तर भीतीपोटी. टाके पिकले की नातेवाईक विचारतात, ‘औषध दिलंच नव्हतं का?’ सात दिवसांचं प्रिस्क्रिप्शन डॉक्टरची ढाल असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांत महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणं सिझरनं झालेली दिसतात, म्हणजे चारांत एक. त्यातल्या किती जणींना निव्वळ या ढालीपायी आठवडाभर सेफिक्झिमच्या नाहीतर अमॉक्सिक्लॅवच्या गोळ्या मिळतात याचा विचार करा. आणि तुमच्या मनात आलं असेल की नवीन डॉक्टर खर्च वाचवताहेत, तर खर्च वाचतो तो तुमचा. मेडिकलच्या बिलात त्यांचं झालं तर नुकसानच आहे.

जास्तीचं औषध ‘झालं तर बरंच, वाईट तर नाही’ असंही नाही. जुलाब लागतात. ओल्या बाळंतिणीनं दर तासाला बाथरूमला पळायचं, तेही पोटाला टाके असताना. खाली खाज सुटते, बाळाच्या तोंडात पांढरा थर धरतो, तोच संसर्ग आईच्या स्तनाग्राला लागून पाजताना आग होते. हातातली सुई तीन-तीन दिवस ठेवल्यानं शीर सुजते, क्वचित तिथेच पू होतो. शिवाय औषधाला दाद न देणारे जंतू तिच्या आतड्यात उरतात, आणि पुढे कधी खरोखर लघवीचा किंवा जखमेचा संसर्ग झाला की साधी औषधं चालत नाहीत. टाक्यांतल्या पुवाचा कल्चर रिपोर्ट हातात घेऊन त्यावरची ‘रेझिस्टंट’ची रांग वाचताना काय वाटतं, ते आमचं आम्हाला माहीत.

आता तुमचा खरा सल : सात दिवस देऊनही मागच्या वेळी पिकलं कसं? मी तिथे नव्हते, तेव्हा छातीठोक सांगणार नाही. पण चौदा तास कळा, त्यात पाणमोट फुटलेली असणार, चार-पाच वेळा आतून तपासणी झाली असणार. अशा वेळी खालचे जंतू ऑपरेशनच्या आधीच पिशवीपर्यंत चढलेले असतात. ठरवून केलेल्या सिझरपेक्षा अशा सिझरला संसर्गाचा धोका बराच जास्त. रात्रीच्या घाईत पहिलं इंजेक्शन कधी दिलं गेलं, हाही प्रश्न आहेच. आणि कातडीखाली थोडं रक्त किंवा पाणी साठून राहिलं असेल, तर त्या डबक्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे गोळीतलं औषध तिथवर पुरेसं पोहोचतच नाही. म्हणून तर पिकलेला टाका मोकळा करून पू काढावा लागतो. नुसत्या गोळ्या बदलत बसून तो बरा होत नाही. तुमच्याकडे महिनाभर ड्रेसिंग झालं ते बरोबरच झालं.

कळा सुरू झाल्यावर किंवा पाणी गेल्यावर सिझर करावं लागलं, तर आता आम्ही सेफाझोलिनच्या जोडीला अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम शिरेतून देतो. अमेरिकेतल्या १४ रुग्णालयांत २,०१३ बायकांवर हे पाहिलं गेलं, २०१६ साली प्रसिद्ध झालं. संसर्ग १२ टक्क्यांवरून ६.१ वर आला. नेहमीच्या इंजेक्शनला दाद न देणारे योनीमार्गातले काही बारीक जंतू त्याला सापडतात. नॉर्मल बाळंतपणाच्या कळांमध्ये याच औषधाचा तोंडावाटे एकच मोठा डोस देऊन एक मोठी चाचणी झाली, सात देशांत, २९ हजारांवर बायका, आणि त्यात आपलं नागपूर आणि शेजारचं बेळगाव होतं. २०२३ साली निकाल आला. आईला गंभीर जंतुसंसर्ग होण्याचं किंवा तिचा मृत्यू होण्याचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ वर आलं. बाळांत मात्र फरक पडला नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण ठरलेल्या तारखेआधीच तुमच्या मुलीला कळा लागल्या किंवा पाणी गेलं, तर गणित बदलतं. तेव्हा घरी थांबू नका आणि ‘तारीख तर गुरुवारची आहे’ म्हणत बसू नका.

नंतरही औषध चालू ठेवायची वेळ येत नाही असं नाही. ऑपरेशनच्या आधीच ताप आहे, पाण्याला दुर्गंधी येतेय, म्हणजे पिशवीत संसर्ग झालेलाच आहे, तर ते प्रतिबंध नव्हे, उपचार. तिथे जोडीला आणखी औषध आणि आणखी डोस लागतात. खूप वजन असलेल्या बायकांत ४८ तास गोळ्या दिल्यानं फायदा दिसल्याचा एक अमेरिकी अभ्यास आहे. तो सगळ्यांनी स्वीकारलेला नाही. मी माणूस बघून ठरवते.

इंजेक्शनइतकीच महत्त्वाची बाकीची कामं आहेत, त्यातली काही तुमच्या हातात आहेत. आदल्या दिवशी घरी रेझर फिरवू नका. हौसेनं करतात बायका, ‘डॉक्टर रागावतील’ म्हणून. रेझरनं कातडीवर न दिसणारे ओरखडे पडतात आणि रात्रभरात तिथे जंतू वाढतात. केस काढायचेच असतील तर दवाखान्यात ऑपरेशनच्या वेळी क्लिपरनं काढतात. सकाळी साबण लावून स्वच्छ आंघोळ, एवढं पुरे. गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर ती आटोक्यात हवी. हिमोग्लोबिन आठ-नऊवर रेंगाळत असेल तर आजच डॉक्टरांशी बोला, शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. टेबलावर आम्ही पोटाला क्लोरहेक्सिडिन आणि स्पिरिटचं मिश्रण लावून ते वाळू देतो, खालचा मार्ग आयोडिननं पुसून घेतो, आणि पोटावर चरबीचा जाड थर असेल तर त्या थरालाही वेगळे टाके घालतो, खाली पाणी साठू नये म्हणून.

घरी आल्यावर जखम उघडी आणि कोरडी. हळद, तेल, खोबरेल, पावडर काही नको. मालिशवाल्या मावशींना पोट सोडून बाकी अंग चोळू दे. शेक-शेगडीचा आग्रह असेल तर कमरेला, पोटाला नको, आणि घाम टाक्यांवर ओघळू देऊ नका. पोटपट्टा घामानं ओला झाला की बदला. डिंकाचे लाडू खुशाल खाऊ द्या, ‘डिंकानं पू होतो’ यात तथ्य नाही.

लक्ष ठेवायचं ते चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान जास्त, कारण टाके पिकतात ते बहुतेक घरी आल्यावर. तुमचाही नववा दिवस होता. १००.४ च्या वर ताप, कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणारं दुखणं, टाक्यांभोवती पसरणारी लाली, जखमेतून पाणी, अंगावरून जाण्याला घाण वास, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी दाखवा. मेडिकलमधून मागच्या वेळच्या गोळ्या आणून सुरू करू नका. ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन दिवसांतच जोराचा ताप, धाप, खूप दुखणं, गुंगी असेल तर सकाळचीसुद्धा वाट पाहायची नाही. तो वेगळा आणि भयंकर वेगानं पसरणारा संसर्ग असू शकतो.

राहिलं पित्त. तुम्ही ते शेवटच्या ओळीत लिहिलंत, पण मला तुमच्या सगळ्या पत्रातली हीच ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली. ‘आमची टेस्ट डोस करतील की’ यावर विसंबू नका. सेफाझोलिनसारख्या औषधांत कातडीखालच्या त्या थेंबावरून खात्री देता येत नाही. आधी काय झालं होतं ही माहिती त्याहून मोलाची. ते पित्त पेनिसिलिनच्या जातीच्या औषधानं आलेलं असेल आणि नुसती खाज-गांधी असतील, तर सेफाझोलिन बहुतेकींना चालतं. पण श्वास लागला होता, ओठ-जीभ सुजली होती, बीपी पडलं होतं, किंवा औषध सेफाझोलिनच होतं, तर क्लिंडामायसिन आणि जेंटामायसिन अशी वेगळी जोडी द्यावी लागते. आणि ती टेबलावर ऐनवेळी शोधत बसण्यापेक्षा आधीच मागवून ठेवायला हवी. शिवाय त्या वेळी पुवाचं कल्चर केलं असेल तर जंतू कोणता होता, कशाला दाद देत होता, तेही डॉक्टरांना कळेल.

साडेतीन वर्षांपूर्वीचं डिस्चार्ज कार्ड रद्दीत गेलं नसेल तर या आठवड्यातच घेऊन जा. गेलं असेल तर त्या दवाखान्यात नाव, ऑपरेशनची तारीख सांगून केसपेपरची प्रत मागा, आणि मुलीला विचारा, त्या दिवशी नेमकं कधी, कुठल्या इंजेक्शननंतर खाज सुटली ते तिला आठवतंय का.